तांब्याची लाईन गेल्यावर ऑफिसचा फोन कशावर चालवायचा?

टेलिफोनची तांब्याची तार काढून तिथे फायबर टाकायचं काम देशभर चाललंय, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ऑफिसंही त्यातून जात आहेत. माणूस येतो, भिंतीवर छोटा पांढरा डबा बसवतो आणि ‘आता फोन यातून’ म्हणून सांगून जातो. दोन खोल्यांच्या दुकानाला तेवढं पुरतं. पण पतसंस्था, दवाखाना, शाळा, उद्यमबागेतलं एखादं वर्कशॉप अशा ठिकाणी आठ-दहा टेबलांवर फोन असतात आणि ‘जरा अकाउंट्सला जोडून द्या’ हे दिवसभर चालू असतं. तिथे कोपऱ्यातल्या जुन्या ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनला जोडणाऱ्या यंत्राचं, काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे सुटे भाग मिळेनासे झालेत. कार्ड जळलं तर दुरुस्त करणारा सापडत नाही. मग डीलर संगणकावर चालणारी नवी सिस्टीम सुचवतो. कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, एसएसडी, सर्व्हर असले शब्द असतात, आणि संस्थेचे सेक्रेटरी बुचकळ्यात पडतात की फोन वाजवायला एवढं सगळं कशाला?

एवढं सगळं लागत नाहीच. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑफिसच्या फोनसाठी मशीन घेताना ताकद सगळ्यात शेवटी बघायची. ते वीज किती खातं, त्यात पंखा आहे की नाही, आणि ते स्वतःच्या मेमरीवर किती वेळा लिहितं, हे आधी बघायचं. कोटेशनमध्ये नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

## लाईट गेली तरी फोन का चालायचा?

जुन्या लँडलाईनला घरातली वीज लागत नव्हती. आवाज ज्या तारेतून यायचा, त्याच तारेतून एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची डीसी वीजही यायची. घंटी वाजवणारा करंटसुद्धा तिकडूनच. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा आणि जनरेटर असायचे, त्यामुळे आपल्या गल्लीत अंधार असला तरी फोनला डायल टोन असायचा. ईपीएबीएक्सला स्वतःची वीज लागायची हे खरं, पण बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये वीज गेल्यावर एक लाईन आपोआप एका ठराविक फोनला थेट जोडली जायची. म्हणजे निदान एक फोन जिवंत राहायचा.

फायबरमधून उजेड येतो, वीज येत नाही. आता पांढरा डबा, फोनचं मशीन, नेटवर्क स्विच (सगळ्या फोनच्या तारा जिथे एकत्र येतात तो डबा) आणि टेबलावरचे फोन या सगळ्यांना वीज आपणच द्यायची आहे. जे काम एक्स्चेंजच्या बॅटऱ्या करत होत्या, ते आता आपल्या इन्व्हर्टरवर आलंय. म्हणून वॉटचा हिशेब करायचा. नुसत्या बिलापुरता तो नाही.

## मशीनच्या आत नेमकं काय चालतं?

नव्या सिस्टीमला आयपी पीबीएक्स म्हणतात, म्हणजे नेटवर्कच्या तारेवर चालणारा ईपीएबीएक्स. त्याचा जीव सॉफ्टवेअरमध्ये असतो. यातलं सगळ्यात प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे अॅस्टरिस्क. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९९ मध्ये ते सुरू केलं, आणि ते फुकट आणि खुलं आहे. बाजारात ब्रँडच्या नावाने मिळणाऱ्या कित्येक तयार डब्यांच्या पोटातही तेच असतं.

फोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, आणि प्रत्येक मोजमापाला ८ बिट लागतात. गुणाकार केला की सेकंदाला ६४,००० बिट होतात. आवाज आकड्यांत बसवण्याच्या अशा पद्धतीला कोडेक म्हणतात, आणि या कोडेकचं नाव जी.७११. हे आकडे सहसा सेकंदाला ५० पुडक्यांत पाठवले जातात. पुडक्यांवरचा पत्ता वगैरे धरला तर एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ किलोबिट लागतात. वीस जण एकाच वेळी बोलत असले तरी पावणेदोन मेगाबिट. मशीनचं काम एवढंच की ही पुडकी या फोनकडून घ्यायची आणि त्या फोनला द्यायची. यात डोकं फार चालवावं लागत नाही. वेळ चुकवायची नाही, बस्स.

एकच अपवाद आहे. एका बाजूचा कोडेक वेगळा आणि दुसऱ्या बाजूचा वेगळा असेल, तर मशीनला प्रत्येक पुडकं उलगडून पुन्हा बांधावं लागतं, आणि तिथे प्रोसेसर खर्च होतो. त्यावर उपाय फुकटचा आहे. ऑफिसातले सगळे फोन आणि बाहेरची लाईन जी.७११ वरच ठेवायला सांगा. तेवढं केलं की हाताच्या तळव्याएवढं मशीनही दहा-वीस कॉल आरामात सांभाळतं.

## साठ वॉट आणि आठ वॉट

चोवीस तास चालणारा एक वॉट वर्षाला ८.७६ युनिट खातो. साधा डेस्कटॉप संगणक काही न करता नुसता चालू असला तरी ६० वॉटच्या आसपास खातो असं धरू. वर्षाचे ५२५ युनिट झाले. पंखा नसलेलं छोटं मशीन ८ वॉट खात असेल, तर ७० युनिट. फरक ४५५ युनिटचा. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ३,६४० रुपये. तुमचा खरा दर हेस्कॉमच्या बिलावर बघा आणि तोच गुणाकार करा.

इन्व्हर्टरचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टर थोडी वीज स्वतः खातो, बॅटरी पूर्ण उतरवायची नसते, म्हणून हाती १,२५० च्या आसपास धरू. आता भार मोजा. फायबरचा डबा १० वॉट, दहा फोन प्रत्येकी ३ वॉटप्रमाणे ३०, त्यांना वीज पुरवणारा स्विच ८, आणि फोनचं मशीन ८. एकूण ५६ वॉट. म्हणजे बावीस तास फोन चालू. मशीनच्या जागी ६० वॉटचा डेस्कटॉप ठेवला तर भार १०८ वॉट, आणि वेळ जेमतेम साडेअकरा तास.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. छोटं मशीन घेतलं की सगळ्यात मोठा खर्च टेबलावरच्या फोनचा होतो. त्यामुळे नुसतं मशीन इन्व्हर्टरवर ठेवून भागत नाही. स्विच साध्या प्लगवर राहिला, तर मशीन जिवंत आणि फोन मुके, अशी गत होते. वायरिंग करताना फायबरचा डबा, स्विच आणि मशीन तिन्ही एकाच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यायला सांगा. फोन नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेणारे असावेत, नाहीतर प्रत्येक टेबलापर्यंत इन्व्हर्टरची लाईन ओढावी लागेल.

## पंखा नको, असं मी का म्हणतो

आवाज हे एक कारण आहेच. दवाखान्यात डॉक्टर पेशंटची छाती तपासत असतात आणि टेबलाखाली डबा घोंघावत असतो, हे बरं नव्हे. रिसेप्शनच्या बाईंना तर तो आवाज दिवसभर ऐकावा लागतो.

पण बेळगावात पंख्याचा खरा शत्रू धूळ आहे. फाउंड्रीला लागून असलेल्या ऑफिसातला, दोन वर्षं सलग चाललेला संगणक एकदा उघडून बघा. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, कोळशाची पूड असते. ती काळी भुकटी पंख्याच्या पात्यांवर चिकटून नमद्यासारखा थर झालेला असतो. पातं बोटाने फिरवलं तर अडखळत फिरतं. प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या फटी पूर्ण बुजलेल्या असतात. ग्राइंडिंग जवळ असेल तर त्यात लोखंडाचे बारीक कणही सापडतात, आणि लोखंड वीज वाहतं. ते सर्किटवर बसणं चांगलं नाही. आणि हे सगळं आत ओढून आणणारा पंखाच असतो. शहापूर-वडगावकडे मागाच्या खोलीशेजारी ऑफिस असेल, तर काळ्या भुकटीच्या जागी सुताचा कापूस असतो. परिणाम तोच.

पंखा नसलेल्या मशीनचं वरचं धातूचं कवचच उष्णता बाहेर टाकतं. म्हणून ते बंद लाकडी कपाटात कोंबायचं नाही, फायलींच्या गठ्ठ्याखाली ठेवायचं नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तर मुळीच नाही. भिंतीवर, छातीच्या उंचीला, चारही बाजूंनी हात फिरेल एवढी जागा सोडून लावलं की झालं. हात लावल्यावर कोमट लागलं तर घाबरू नका, ते तसंच असतं.

थंड खोलीची गरज नसलेलं टेलिफोनचं मशीन हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेने खेड्यांसाठी छोटं एक्स्चेंज बनवलं, ते एसी नसलेल्या साध्या खोलीत चालावं अशाच बेताने. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कित्तूरला बसलं. परदेशी एक्स्चेंजांना थंड, धूळमुक्त खोली लागायची, ती गावोगावी कुठून आणणार? आज ऑफिसच्या कोपऱ्यात मशीन लावताना हाच प्रश्न विचारायला हवा.

## फ्लॅश मेमरी का झिजते?

आता मेमरीकडे येऊ. फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क आवाज करते, वीज खाते आणि धक्क्याने बिघडते, म्हणून छोट्या मशीनमध्ये फ्लॅश मेमरी वापरतात. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी या सगळ्यांच्या पोटात हीच चिप असते. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिचा शोध लावला.

ही मेमरी म्हणजे पेन्सिलने लिहायची वही समजा. वाचायची कितीही वेळा वाचा, काही बिघडत नाही. पण हिचा खोडरबर असा आहे की एक शब्द खोडता येत नाही, खोडायचं तर सगळं पान खोडावं लागतं. आणि प्रत्येक वेळी खोडताना कागद थोडा विरतो. विरत विरत शेवटी त्या पानावर अक्षर उमटेनासं होतं. चांगल्या एसएसडीत एक कंट्रोलर असतो. तो एकाच पानावर सारखं लिहू देत नाही, लिहिणं सगळ्या वहीभर पसरवतो. स्वस्त मेमरी कार्डातला कंट्रोलर हे काम जेमतेम करतो.

कागद किती जाड, हे चिपच्या प्रकारावर ठरतं. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी चिप साधारण लाखभर वेळा खोडता येते. ती महाग असते, कारखान्यांच्या यंत्रांत वापरतात. एका कप्प्यात तीन बिट कोंबणारी, जिला टीएलसी म्हणतात, ती हजार ते तीन हजार वेळा. चार बिटवाली क्यूएलसी त्याहून कमी. दुकानात मिळणारी बहुतेक कार्डं आणि एसएसडी टीएलसी किंवा क्यूएलसी असतात. कुठली हे पाकिटावर छापलेलं असेलच असं नाही.

## रेकॉर्डिंगने कार्ड मरतं का?

डीलर आणि गिऱ्हाईक दोघंही सहसा इथे चुकतात. कॉल रेकॉर्डिंग मोठं असतं, म्हणजे त्यानेच मेमरी झिजत असणार, असं वाटतं. हिशेब करून बघू. साधं डब्ल्यूएव्ही रेकॉर्डिंग तासाला ५७.६ मेगाबाइट घेतं. दिवसाला पाच तासांचं बोलणं आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ८६ गिगाबाइट झाले. ३२ गिगाबाइटचं कार्ड वर्षात तीनदाही पूर्ण लिहून होत नाही. हजार वेळा खोडता येणाऱ्या कार्डाला हे काहीच नाही. रेकॉर्डिंगने कार्ड भरतं, झिजत नाही.

झिजवते ती नोंदवही, जिला लॉग म्हणतात. कोणता फोन चालू झाला, कोणी कुणाला लावला, काय चुकलं, याची एकेक ओळ मशीन लिहीत असतं. ओळ असते दोनशे अक्षरांची. पण सेकंदाला एक ओळ आली आणि प्रत्येक ओळ लगेच मेमरीवर उतरवायची सेटिंग असली, तर दिवसाला ८६,४०० वेळा लिहिणं होतं. मजकूर जेमतेम १७ मेगाबाइट. मात्र स्वस्त कार्डाने त्या प्रत्येक ओळीसाठी एक मेगाबाइटचा तुकडा खोडून पुन्हा लिहिला, तर दिवसाला ८६ गिगाबाइट झिजले. वर्षभराच्या रेकॉर्डिंगएवढी झीज एका दिवसात! याच वेगाने ३२ गिगाबाइटचं, हजार वेळांचं कार्ड वर्षभरात संपतं. हे टोकाचं उदाहरण आहे. अशा मशीनमधली मूळ प्रणाली, लिनक्स, एरवी बऱ्याच ओळी गोळा करून एकदम लिहिते. पण इन्स्टॉल करणाऱ्याने दोष शोधण्यासाठी तपशीलवार लॉग चालू केला आणि जाताना बंद करायला विसरला, तर या टोकाजवळ पोहोचायला वेळ लागत नाही.

लॉग फुगण्याचं दुसरं कारण बाहेरचं आहे. हे फोन एसआयपी नावाच्या नियमावलीने बोलतात, आणि त्यासाठी ५०६० क्रमांकाचं दार वापरतात. ते दार इंटरनेटला उघडं ठेवलं, की कुठले कुठले प्रोग्राम येऊन रात्रंदिवस पासवर्ड चाचपत राहतात. प्रत्येक चुकलेल्या पासवर्डची एक ओळ लॉगमध्ये पडते. कोणी आत शिरलाच, तर परदेशात कॉल करून तुमच्या नावावर बिल चढवतो. नाही शिरला, तरी कार्ड झिजवतो. राउटरमध्ये हे दार बंद करायला सांगा. तुमच्या टेलिफोन कंपनीचा पत्ता तेवढा आत येऊ द्यायचा.

लॉगचं औषध सोपं आहे. तो रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, ठेवायचा आणि दिवसातून एकदा किंवा गरज पडेल तेव्हाच मेमरीवर उतरवायचा. लाईट गेली तर त्या दिवसाचा लॉग जाईल, पण कॉलची यादी तेवढी वेगळी जपता येते. अॅस्टलिनक्ससारखी काही सॉफ्टवेअरं मुळातच अशी रचलेली आहेत. मुख्य प्रणाली नुसती वाचायची, आणि बदलणारी सेटिंग वेगळ्या छोट्या कप्प्यात.

आपल्याकडच्या ऑफिसांना दोन भाषांतला निरोप लागतो. ‘कन्नडसाठी एक, मराठीसाठी दोन’ हे फोन उचलल्यावर वाजणारं रेकॉर्डिंग दिवसातून पाचशे वेळा वाजलं तरी ते नुसतं वाचणं आहे. चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला मराठीत आणि बैलहोंगलकडच्याला कन्नडमध्ये, असे हवे तेवढे निरोप ठेवा.

## कार्ड मेल्याचं कळतं कसं?

बरेचदा कळतच नाही, आणि तेच जास्त त्रासाचं. खानापूर तालुक्यातल्या एका सोसायटीत मी हे जवळून पाहिलं. नव्या क्लार्कला २१४ नंबरचं एक्स्टेंशन दिलं. दिवसभर फोन व्यवस्थित चालला. रात्री पाऊस, लाईट गेली, सकाळी २१४ गायब. पुन्हा घातलं, पुन्हा चाललं, पुढच्या वेळी लाईट गेल्यावर पुन्हा गायब. सेक्रेटरी म्हणाले, ‘ह्याला काल काय सांगितलं ते आज आठवतच नाही बघा.’ अगदी तसंच झालं होतं. झिजलेल्या कार्डाने नवं काही लिहून घेणं थांबवलं होतं, पण तसं कुणाला कळवलं नव्हतं. जुनं सगळं वाचून दाखवत होतं. नवं एक्स्टेंशन फक्त रॅममध्ये होतं, म्हणून वीज असेपर्यंत टिकत होतं.

याची परीक्षा घरच्या घरी होते. एखाद्या एक्स्टेंशनचं नाव बदला, मशीन रीतसर बंद करून चालू करा, आणि नाव टिकलं का बघा. टिकलं नाही तर कार्ड त्याच दिवशी बदला.

## एसएसडी घेतली की प्रश्न मिटला ना?

झिजण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. चांगली १२० किंवा २५० गिगाबाइटची एसएसडी ऑफिसच्या फोनसाठी वर्षानुवर्षं पुरते. किती टेराबाइट लिहिलं तरी चालेल हे कंपनी सांगते, तो आकडा टीबीडब्ल्यू नावाने माहितीपत्रकात असतो. आपण वर्षाला ८६ गिगाबाइट लिहिणार असू, तर ५० टेराबाइटचा आकडाही पुष्कळ झाला.

वीज अचानक जाण्याचा प्रश्न मात्र राहतो. एसएसडी आपल्या पानांचा नकाशा आत कुठेतरी ठेवते, आणि तो नकाशा लिहिता लिहिता वीज तुटली तर सगळी एसएसडी रिकामी असल्यासारखी दिसू शकते. वीज तुटल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरता करंट साठवणारे कपॅसिटर काही महागड्या एसएसडीत असतात. ते घेणं परवडत नसेल, तर अॅडॅप्टर आणि मशीन यांच्यामध्ये राउटरसाठी मिळतो तसला छोटा डीसी यूपीएस लावा, मशीनचे व्होल्ट बघून. इन्व्हर्टर असला तरी लावा, कारण काही इन्व्हर्टर बदलताना क्षणभर वीज तोडतात, आणि त्या क्षणात छोटं मशीन बंद पडून परत सुरू होतं.

वळवाच्या पावसातल्या विजांचं वेगळं. तांब्याची लाईन अजून ठेवली असेल, तर विजेचा झटका तिच्यातून आत येतो. ती लाईन सरळ मशीनला न जोडता वेगळ्या गेटवेला, म्हणजे तांब्याची लाईन नेटवर्कला जोडणाऱ्या छोट्या डब्याला, जोडा, आणि त्याच्या आधी अर्थिंग केलेला सर्ज प्रोटेक्टर लावा. जळायचंच झालं तर गेटवे जळेल, मशीन वाचेल. फायबरची काच झटका आणत नाही, पण केबलला आधाराची स्टीलची तार असेल तर ती इमारतीच्या बाहेरच थांबवायला सांगा.

## मग घ्यायचं काय?

रॅस्पबेरी पाय हे पाच-सहा वॉटवर चालणारं छोटं बोर्ड बरेच जण सुचवतात. ते खेळणं नाही, दहा फोनचं ऑफिस आरामात चालवतं. मेमरी कार्डाऐवजी यूएसबीला एसएसडी जोडून त्यावरून चालवा, आणि त्याचाच अॅडॅप्टर वापरा. मोबाइलचा चार्जर लावला की व्होल्टेज कमी पडतं आणि लिहिता लिहिता मेमरी बिघडते. चौथ्या पिढीच्या पायमध्ये स्वतःचं घड्याळ नसतं. लाईट आली आणि इंटरनेट आलं नाही, तर रेकॉर्डिंगवर चुकीची तारीख पडते. पाचव्या पिढीत घड्याळ आहे, त्याला छोटी बॅटरी वेगळी जोडावी लागते.

माझी स्वतःची पसंती थिन क्लायंटला आहे. बँका आणि मोठ्या कंपन्या टेबलावर ठेवतात तो पंख्याविना चालणारा छोटा संगणक. कंपन्या नवे घेतात तेव्हा जुने विकतात, बेंगळुरूच्या एसपी रोडसारख्या बाजारात ते मिळतात. धातूचं कवच असतं, एसएसडी बसते, घड्याळ असतं, वीज १० वॉटच्या आसपास. घेतल्या घेतल्या आतला गोल नाण्याएवढा सेल बदला. तो जुना असतो. संपला की मशीन तारीख विसरतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘वीज आली की आपोआप चालू हो’ ही बायोसमधली, म्हणजे मशीनच्या मूळ प्रोग्राममधली, सेटिंगही विसरतं. मग रविवारी रात्री लाईट जाऊन आली, की सोमवारी कोणीतरी बटण दाबेपर्यंत फोन बंद.

पैसे असतील आणि तांत्रिक माणूस हाताशी नसेल, तर ब्रँडचा तयार डबा घ्या. फक्त विचारा की आतली मेमरी बदलता येते का. बोर्डावर डकवलेली चिप झिजली, तर सगळा डबा फेकावा लागतो.

## ऑफिसात जुना संगणक पडून आहे, तो का नको?

चालवून बघायला जरूर वापरा. महिनाभर चालवा, लोकांना सवय होऊ द्या. पण कायमचा ठेवायचा म्हटलं की ६० वॉट, पंखा आणि कित्येक वर्षं फिरलेली हार्ड डिस्क, तिन्ही गळ्यात येतात. दोन-तीन वर्षांच्या विजेच्या फरकात छोट्या मशीनचे पैसे बऱ्यापैकी भरून निघतात.

## सगळं क्लाउडवर टाकलं तर?

शाखा चार गावांत असतील आणि इंटरनेट भरवशाचं असेल, तर क्लाउड, म्हणजे दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी सिस्टीम, चांगला. पण रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की शेजारच्या टेबलावरचा इंटरकॉमसुद्धा बंद होतो, कारण त्याचाही रस्ता दूरच्या शहरातून जातो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात हे किती वेळा होतं, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. मशीन ऑफिसात असलं तर बाहेरची लाईन गेली तरी आतले फोन एकमेकांशी बोलतात. दवाखान्यात वॉर्डमधून ऑपरेशन थिएटरला फोन लागणं हे बाहेरच्या इंटरनेटवर सोपवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

बाहेरची लाईन मात्र परवाना असलेल्या टेलिफोन कंपनीकडूनच घ्या. ढीगभर सिमकार्डं घातलेला डबा लावून स्वस्तात कॉल देतो म्हणणारा भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. इंटरनेटवरचे कॉल चोरून टेलिफोनच्या जाळ्यात सोडणं हा गुन्हा आहे, आणि पोलीस येतात ते ज्याच्या जागेत डबा आहे त्याच्याकडे.

## बिल द्यायच्या आधी

रेकॉर्डिंग ठेवणार असाल तर ती रोज रात्री दुसऱ्या संगणकावर किंवा जोडलेल्या हार्ड डिस्कवर हलवायला लावा, आणि किती दिवसांनी पुसायची हे कमिटीत ठरवा. गिऱ्हाइकाला ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ हे दोन्ही भाषांत आधी ऐकू यायला हवं. सगळी सेटिंग भरलेली दुसरी एसएसडी तयार करून घ्या आणि ती तिजोरीत ठेवा, मशीनशेजारच्या ड्रॉवरमध्ये नको.

मग डीलर समोर असताना मेन स्विच पाडा. फोन चालू राहतात का बघा, एक बाहेरचा कॉल लावा. नंतर मशीनची वायर, यूपीएस असला तरी, मशीनच्या बाजूने सरळ उपसा आणि मिनिटभराने लावा. कोणी बटण न दाबता किती वेळात डायल टोन येतो ते घड्याळावर मोजा. तारीख बरोबर आहे का, सकाळी घातलेलं एक्स्टेंशन टिकलं का, बाहेरून आलेल्या फोनला कन्नड-मराठी निरोप वाजतो का, हे बघून घ्या. डीलर ‘असं उपसायचं नसतं साहेब’ म्हणेल. त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण लाईट विचारून जात नाही, म्हणून त्याच्यासमोर एकदा उपसूनच बघा, आणि चेकवर सही त्यानंतर करा.